बावेतलीची ओटी

“रंभीची हनुवटी हाय गो पोरीची,” सुंदराआजी म्हणाली, आणि मेघाचा हडळीचा उलटा पाय तसाच हवेत राहिला. टाच पुढे आणि बोटं मागे असा पाय वळवायला तिने आरशासमोर रोज घाम गाळला होता. आज तालमीत तो इतका फक्कड वळला होता की हर्षितसारखा दांडगट मुलगाही दोन पावलं मागे सरकला होता, आणि केळुसकर मॅडम पर्सचा पट्टा छातीशी घट्ट धरून उभ्या होत्या. नेमकी तेव्हाच मैत्रिणीची, कुणालीची, ही आजी अवसेची ओटी घेऊन बावेच्या, म्हणजे जुन्या पायऱ्यांच्या विहिरीच्या, तोंडाशी आली. ताटात नारळ, हिरवा खण, हिरव्या बांगड्या, मूठभर तांदूळ. तिने ते सगळं वरच्या पायरीवर ठेवलं, वाकून हात जोडले आणि उठताना मेघाकडे पाहिलं. डोळे बारीक करून पाहिलं, आणि बाजारात काकडी कोवळी की जून ते सांगावं इतक्या सहज बोलून गेली. “कोण रंभी गो आजी?” कुणालीने विचारलं. “हुती अशीच. जुनी.” “पण तिची हनुवटी मेघाला कशी आली?” सुंदराआजीने पदर कपाळावर ओढला. “तू महादूची ना गो? गोजाबाईची नात?” मेघाने मान हलवली. “मंग बराबर,” असं म्हणून ती रिकामं ताट काखेत मारून वरच्या आळीकडे चालायला लागली. घाई नाही, मागे बघणं नाही. चपलांचा फटक फटक आवाज वळणापर्यंत येत राहिला.

झालं ते एवढंच. कुणी ओरडलं नाही, आभाळ फाटलं नाही. मॅडम म्हणाल्या, “हं, मेघा, पुढे? बावेतली काय करते?” आणि मेघाने पाय पुन्हा वळवायला घेतला तर तो वळेचना. तिने हनुवटीला हात लावला. रोजचीच हनुवटी, मधोमध खळगा पडलेली, जिच्यावरून हर्षित तिला ‘वाटी’ म्हणायचा. आता मात्र ती दुसऱ्या कुणाची वस्तू चुकून आपल्या दप्तरात आल्यासारखी लागली. बावेतलीला नाव नव्हतं. पेठेतल्या सगळ्या भुतांना नावं होती, गणगोत होतं. जकातीच्या चौकीवरचा बिनमुंडक्याचा हवालदार, पिंपळावरचा मुंज्या, गुरांना पाणी पाजायच्या दगडी द्रोण्यांपाशी बैल शोधत फिरणारा मिठाचा व्यापारी. बावेतली मात्र नुसती बावेतली. आणि महादूची पोर म्हटल्यावर ‘मंग बराबर’ म्हणजे काय?

खरं तर ही सगळी शक्कल मेघाचीच. पेठ म्हणजे वैशाखऱ्याच्या अलीकडे, घाटाच्या जुन्या पायवाटेच्या तोंडाशी बसलेलं गाव. एके काळी मिठाचे, तांदळाचे बैलांचे तांडे इथे मुक्काम करून घाट चढायचे. मग डांबरी रस्ता झाला तो पेठेला वळसा घालून, आणि पेठ जिथल्या तिथे बसून राहिली. रविवारी वाशिंदच्या एका शाळेची मुलं पेठ बघायला येणार होती. मॅडमनी वर्गात विचारलं, पेठेचा इतिहास कोण सांगेल? नववीचा अख्खा वर्ग बाकांखाली पेन शोधायला लागला. तेव्हा मेघा उभी राहिली आणि म्हणाली, “इतिहास नको मॅडम, झोप येते. आपण त्यांना भुतं दाखवू. चालत चालत. एकेका जागेवर एकेक भूत!” वर्ग असा काही हसला आणि टाळ्या वाजवल्या की मॅडमना हो म्हणावंच लागलं. गेल्या वर्षापर्यंत हीच मेघा मागच्या बाकावर भिंतीला टेकून बसायची. हजेरीला ‘हजर’ म्हणायची तेही वहीआड तोंड लपवून. मग शाळेच्या संमेलनात कथाकथनाला कुणीच मिळेना म्हणून तिला ढकललं, आणि माईकसमोर उभं राहिल्यावर तिला एक गंमत कळली, की वाक्य अर्ध्यावर सोडून नुसतं गप्प उभं राहिलं तर समोरची तीनशे माणसं श्वास घ्यायची थांबतात. बाई गं! तो दिवस आणि आजचा दिवस. ती चालताना बोलायची, जेवताना बोलायची, दळणाच्या रांगेत चक्कीवाल्याला मुंज्या ऐकवायची. पप्पा म्हणायचे, “तोंड हाय का कारखाना? तीनही शिफ्ट चालू.” ते मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला होते, त्यांच्या सगळ्या उपमा तिथूनच यायच्या.

त्या दिवशी तालमीत पुढे पिंपळापाशी मेघाने मुंज्या सांगितला. आवाज आपोआप चढत होता, पडत होता, हर्षितने ‘मला सोड, मला सोड’ असं ठरल्याप्रमाणे ओरडून दाखवलं, मॅडम हसल्या. आणि मेघा आतल्या आत कुठे तरी मागे राहिली होती, बुटात खडा गेलेल्या माणसासारखी. बावेतली तिची हुकमी गोष्ट. गावात सांगतात ती एवढीशी होती, ‘बावेत एक बाई आहे, तिन्हीसांजेला पाणी मागते,’ संपली. मेघाने तिला केस दिले, गुडघ्यापर्यंत, पाणी निथळणारे. पैंजण दिलं, एकाच पायात, दुसरं बावेत पडलेलं. डोळ्यांत बुबुळं ठेवली नाहीत. फक्त एक गोष्ट तिने गावाची होती तशी ठेवली, कारण तिच्याहून भारी काही सुचलंच नाही. बावेतली पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना म्हणते, वाढा ना गो थोडं. आता ज्या बाईच्या कमरेपर्यंत पाणी आहे तिने पाणी का मागावं? भरल्या बावेत बसून तहानलेली! हे सांगून मेघा थांबायची आणि मनात पाच अंक मोजायची, आणि समोरच्यांच्या मानेवरचे केस उभे राहिलेले तिला जवळजवळ दिसायचे. तिला त्या कोड्याचं उत्तर कधी हवंच वाटलं नव्हतं. उत्तर असतं तर मजा गेली असती.

घरी कुणी तिला बावेवर जाऊ नको असं सांगितलं नव्हतं. पण घरातलं कुणी त्या वाटेने जातच नव्हतं. आता पिंपळाकडून शाळेकडे परतताना तिला ते पहिल्यांदा नीट जाणवलं. लहानपणी पप्पांच्या सायकलवर पुढच्या दांडीला बसून बाजाराला जाताना पप्पा आपल्या खालच्या वस्तीतून बावेवरून सरळ वर न जाता डांबरी रस्त्याला लागायचे, पार वळसा घालून. का? तर रस्ता चांगला. उन्हात, चढावर, धापा टाकत, रस्ता चांगला. आजी तर वरच्या आळीत कधी गेलीच नव्हती. कुणालीच्या घरचं बारसं असो, लग्न असो, “माजे गुडघे” म्हणायची. आणि हेच गुडघे दर धम्मचक्राला ट्रकमध्ये चढून नागपूरला जायचे! मेघाला हसू आलं आणि ते मध्येच विझलं. आजी. तिची गोष्ट सगळ्यात जास्त वेळा कुणी ऐकली असेल तर आजीने. पप्पा चिडायचे, “आपन ते सगळं सोडलं म्हनून भिंतीवर बाबासायबांचा फोटो लावायचा आन् त्याच भिंतीखाली हडळ नाचवायची,” आणि आजी शेंगा सोलता सोलता म्हणायची, “सांगू दे रं पोरीला.” मुंज्या सांगताना ती डुलक्या घ्यायची. बावेतली आली की हात थांबायचे. “नेसलीय काय ती?” तिने एकदा विचारलं होतं. मेघाने ऐटीत सांगितलं, पांढरं. आजी म्हणाली, “पांढरं कशाला? हिरवं म्हन की.” आणि शेवटी हमखास, “कसं मागते ती? म्हन परत.” मेघा खूश होऊन परत म्हणायची. आवाज बारीक करून, गळा दाटून, वाढा ना गो थोडं. म्हातारीला भुताच्या गोष्टींचा नाद लागलाय असं ती मैत्रिणींना कौतुकाने सांगत सुटली होती.

त्या दिवशी घरी पोचली तेव्हा आजी ओट्यावर वालाच्या शेंगा घेऊन बसली होती. मेघाने दप्तर काढलं नाही की पाणी प्यायली नाही. “आजी, रंभी कोण?” आजीच्या हातातली शेंग उकलली आणि दाणे सुपात न पडता बाजूला सांडले. ते तिने एकेक करून उचलले. एवढा वेळ लावला की मेघाला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मग आजी म्हणाली, “कोनी सांगितलं?” “सुंदराआजीनं. म्हणाली, रंभीची हनुवटी.” “सुंदरी,” आजी म्हणाली, “तिला दिसली व्हय.” तिने सूप जवळ ओढलं. “माजी पोर ती. तुज्या बापाच्या आधीची.” मेघा खाली बसली. “मग मला कधी सांगितलं का नाही?” “कोनी इचारलं गो?” हे टोमण्यासारखं नव्हतं. खरंच कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता सांगायची गोष्ट ती नव्हती.

आजी सांगायला लागली तेव्हा मेघाला पहिल्यांदा हे जाणवलं की आजीला गोष्ट सांगता येत नाही. ती कुठे थांबत नव्हती, कुठे आवाज बदलत नव्हता, सगळं एका सुरात, शेंगांच्या आवाजासकट. बाहत्तरच्या सालचा उन्हाळा. खालच्या वस्तीची विहीर आटलेली. मग बावेवर जायचं. “पायरी उतरायची नाय. हंडे मांडून वरती बसायचं. वरच्या आळीतली कोनी बाई पानी काढून वर आली का म्हनायचं, वाढा ना गो थोडं. तिच्या मनात आलं तर वाढायची. लांबून धार धरायची, हंड्याला हंडा लागायचा नाय. नाय आलं मनात तर जायची निघून.” हे तर मेघाच्या बावेतलीचेच शब्द. आजीने ते गळा दाटून म्हटलं नव्हतं. भाजी काय भाव दिली, असं विचारतात तसं म्हटलं होतं. “त्या दिशी सकाळपास्नं बसलेलो. उन्हं डोक्यावर आली, कोनी वाढीना. रंभीला बसनं जमायचं नाय. चौथी शिकलेली ना ती. म्हनली, आये, पानी काय यांच्या बापानं घातलंय? आन् हंडा घेऊन उतरली.” आजीने शेंगेची शीर ओढून काढली. “मंग काठावरनं कोनीतरी बोंबललं. मंग दगूड. म्हशीला हाकलाया मारतात ना, तसं. जिवं माराया मारलं असं मी नाय म्हनत. पन एक लागला. पाय सुटला.” “मग?” “मंग आमी बोंबललो. काढा गो, कोनीतरी काढा.” “कुणी उतरलं नाही?” “नाय.” “तुम्ही? तुम्ही का नाही उतरलात?” तोंडून गेल्यावर मेघाला जीभ चावावीशी वाटली. आजी तिच्याकडे जरा नवलानेच बघत राहिली, एवढं शिकूनही या पोरीला साधं कळत नाही असं. “पायरी आपली नव्हती ना गो,” ती म्हणाली.

सात-आठ बाया काठावर उभ्या आणि एकही पाय खाली टाकत नाही. मेघाला रात्री पांघरुणात तेच दिसत राहिलं. रंभी दिसत नव्हती. तिचा चेहरा कुठून आणणार? घरात तिचा फोटो नव्हता. त्या काळात फोटो कोण काढतंय! दिसत होते ते काठावरचे पाय, भेगाळलेले, जोडवी घातलेले, पहिल्या पायरीच्या अलीकडे थांबलेले. त्यातले दोन आजीचे. आपल्या पोटची पोर पाण्यात आणि पाय उचलत नाही. उचलायचा नसतो हे पायांना एवढं पाठ. मेघाने पांघरुणातच आपला पाय हलवून पाहिला. हलत होता. त्याचा तिला राग आला. ती डोळे मिटायची तर केस यायचे, गुडघ्यापर्यंतचे, निथळणारे. ते तिने दिलेले. पैंजण तिने दिलेलं. बुबुळं तिने काढून घेतलेली. आत्याची बुबुळं! संमेलनात बक्षीस म्हणून मिळालेला स्टीलचा डबा फळीवर होता, आणि तो तिला अंधारातही चकाकताना दिसला.

पाय घसरला म्हणून प्रकरण मिटलं, आजीने त्याच रात्री निजल्या निजल्या पुढचं सांगितलं. वरच्या आळीने बाव उपसली, भटजी आणून शुद्ध केली. पुढच्या साली आळीतल्या दोन बाया बाळंतपणात गेल्या, तेव्हा भगत म्हणाला, बावेतली मागतेय. म्हणून ओटी. दर अवसेला खण-नारळ, हिरव्या बांगड्या. जितेपणी जिच्या हंड्याला हंडा लागू दिला नाही तिची ओटी भरायची, वाकून, डोक्यावर पदर घेऊन. हे कळल्यावर मेघाला खदखदून हसू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. “तू कधी गेली नाहीस, आजी? नंतर?” “कशाला? आपल्यात भूत नसतं.” आणि मग कूस बदलून, अंधारात, आजी स्वतःशीच बोलल्यासारखं बोलली. “भूत हाय म्हनू तर सायबांनी सांगितलेलं मोडतं. नाय म्हनू तर मंग ती हाय कुठं? कायच नाय तिचं. तुज्या गोष्टीत तरी चालते, बोलते, केस झटकते. म्हनून ऐकायची मी.”

पुढचे दोन-तीन दिवस मेघा शाळेत गेली, मधल्या सुट्टीत कुणालीच्या डब्यातली चटणी खाल्ली, हर्षितने ‘वाटी’ म्हटल्यावर त्याच्या पाठीत गुद्दा घातला. सगळं तसंच चालू होतं याचंच तिला भय वाटत होतं. कुणालीच्या तोंडाकडे बघताना तिला प्रश्न पडायचा, हिच्या घरातला कोण होता काठावर? दगड कुणाच्या हातातला? मग लगेच वाटायचं, हिला काय माहीत, हीही माझ्यासारखीच, हिने तर मला पैंजणाची कल्पना दिली होती. तिने ठरवलं. रविवारी बावेवर ती खरं सांगणार. केस नाही, पैंजण नाही, उलटा पाय नाही. एक मुलगी होती, तिचं नाव रंभा महादेव, नाही, बापाचं नाव आजीला विचारून घेतलं, रंभा देवजी, चौथी शिकलेली, सतरा वर्षांची, तिला तहान लागली होती. एकदा, निदान एकदा, त्या जागेवर उभं राहून तिला माणूस म्हणून सांगायचं. तिने हे पप्पांना सांगितलं तेव्हा ते शिफ्टवरून येऊन पाय धूत होते. त्यांनी तांब्या खाली ठेवला. “कशाला उकरतेस? दहावी याच शाळेत करायचीय तुला.” “पप्पा, ती तुमची बहीण होती.” “माहिताय मला कोन होती.” त्यांनी ओले पाय पुसायला घेतले. “भूत म्हनून निदान वर्साला बारा नारळ तरी ठेवतात. मानूस म्हनून सांगशील तर तेवढंही नाय ठेवनार कोनी.” “मला नारळ नकोत तिच्यासाठी!” “मंग काय पायजे?” मेघाने तांब्या उचलून जागेवर ठेवला. सांगितलं असतं तर ते फार लहान वाटलं असतं. लोकांनी विश्वास ठेवावा, एवढंच. आत आजीला सगळं ऐकू गेलं असणार. मेघा निजायला गेली तेव्हा आजी म्हणाली, “सांग तू. आन् मला येऊन सांग, काय म्हनले.”

रविवारी वाशिंदची मुलं आली, टेम्पोतून, टोप्या घातलेली, बिस्किटांचे पुडे फोडत. मेघाने त्यांना चौकीवर नेलं आणि बिनमुंडक्याच्या हवालदाराने त्यांना असं काही पकडलं की एक छोटा पाचवीतला मुलगा तिचा हात सोडेचना. द्रोण्यांपाशी व्यापारी. पिंपळाखाली मुंज्या, हर्षितने जिवाच्या आकांताने बोंब ठोकली. प्रत्येक ठिकाणी मेघा सुरुवातीला बोट वर करून म्हणायची, “ही अगदी खरी गोष्ट आहे हं!” आणि मुलं आनंदाने ‘हो!’ म्हणून ओरडायची. आणि मग बाव. पायऱ्या खाली खाली जात हिरव्या पाण्यात बुडालेल्या. वरच्या पायरीवर अवसेचा नारळ अजून होता, खण कुणी तरी नेला होता. नात काय करते ते बघायला सुंदराआजी आली होती आणि जरा बाजूला, काठाच्या दगडावर बसली होती. मेघाने हात मागे बांधले, म्हणजे ते काही करणार नाहीत. तिने ठरवलं होतं, आजीसारखं सांगायचं, एका सुरात, कुठे न थांबता.

आणि ती सांगायला लागली. बाहत्तर साल, आटलेली विहीर, काठावर मांडलेले हंडे. तिला वाटत होतं, आपण साधं बोलतोय. पण तो आवाज ओळखीचा होता. तो आपणहून खाली गेला, आपणहून वर आला. रंभा पायऱ्या उतरली तेव्हा तो इतका हळू झाला की मुलं पुढे वाकली. दगड सुटला, आणि तो थांबला. मेघाने थांबवला नव्हता. मनात अंक सुरू झाले, एक, दोन, आणि ती आतून किंचाळत होती की पुढे बोल, हे नको, इथे नको. पण समोर पन्नास मुलांचे श्वास अडकलेले होते आणि तिच्या अंगातलं जे काही होतं त्याला ते सुख माहीत होतं. पाचपर्यंत मोजूनच ते पुढे गेलं. काठावरचे पाय. न उचललेले. “ती माझी सख्खी आत्या होती,” मेघा म्हणाली. “रंभा तिचं नाव. ती भूत नाही. कधीच नव्हती.”

क्षणभर पाण्यावरची माशी ऐकू आली. आणि मग टाळ्या. कडाडून, टोप्या उडवत, शिट्ट्या मारत. कुणाली धावत येऊन तिच्या गळ्यात पडली. “आई शप्पथ, मेघे! सख्खी आत्या? कधी सुचलं गो तुला हे? मला पन नाय सांगितलंस, चोरटे!” “खतरनाक,” हर्षित म्हणाला, “उलटा पाय काहीच नाय याच्यापुढं.” “कुणाली, हे खरं आहे.” “हो गो, खरंच आहे, खरंच आहे,” कुणाली हसली आणि वाशिंदच्या मुलांनी ते उचललं, ‘खरं आहे! खरं आहे!’ केळुसकर मॅडमचे डोळे ओलावले होते. त्यांनी मेघाच्या पाठीवर हात ठेवला. “फार सुंदर. सामाजिक आशय आलाय. तालुक्याच्या स्पर्धेला हीच घेऊ आपण. फक्त ते ‘वरची आळी’ असं नको, उगाच कुणाला लागतं. ‘काही लोक’ म्हण.” “मॅडम, मी बनवलेली नाही. माझ्या आजीने…” “तेच तर! असं वाटलंच पाहिजे की बनवलेली नाही.” मेघाने आणखी मोठ्याने सांगितलं. मोठ्याने सांगितल्यावर आवाज कापला, आणि तो इतका छान कापला की मागची दोन मुलं पुन्हा टाळ्या वाजवायला लागली. तिच्याकडे दुसरा आवाज नव्हता. वर्षभर घासूनपुसून तिने हा एकच केला होता.

मग तिने सुंदराआजीकडे पाहिलं. इथे एकच माणूस होतं ज्याला ठाऊक होतं. मेघा मुलांमधून वाट काढत तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. “आजी, तुम्ही होतात ना तेव्हा? तुम्ही रंभीला ओळखत होतात. सांगा ना यांना.” सगळे वळून बघायला लागले. सुंदराआजीचा चेहरा हलला, ओठांपाशी काहीतरी आलं. मेघाने ते येताना पाहिलं, अगदी स्पष्ट. कुणाली हसत हसत म्हणाली, “सांग ना आजी, तुला पन खेळात घेतलीय तिनं.” मेघाला एवढंसंच हवं होतं, एक मान हलणं. सुंदराआजी दगडाचा आधार घेत उठली. तिने दोन्ही हात मेघाच्या गालांवरून खाली हनुवटीपर्यंत फिरवले, अगदी मायेने, आणि आपल्या कानशिलांवर नेऊन कडाकडा बोटं मोडली. “लय ग्वाड सांगते गो पोर,” ती म्हणाली, “माज्याच अंगावर काटा आला. माजी नजर नको लागायला.” आणि पदराने डोळे पुसत ती मॅडमकडे बघून हसली.

मुलं आता बावेभोवती पसरली होती, वाकून वाकून बघत होती, ती नेमकी कुठल्या पायरीवरून पडली यावर दोघांची भांडाभांडी चालली होती. ऊन वर चढत होतं. खालच्या वस्तीत आजी ओट्यावर बसून असेल, आणि विचारेल, काय म्हनले. कुणी तरी मेघाचा हात ओढला. पाचवीतला तो छोटा मुलगा. भीतीने आणि आनंदाने त्याचे डोळे नुसते लुकलुकत होते. “ताई,” तो म्हणाला, “परत सांग ना. सगळी नको. ती पडते तिथपासून.”

मेघा नाही म्हणणार होती. तिने श्वास घेतला, आणि तो कुठून आणि कसा घ्यायचा हे तिच्या अंगाला पक्कं ठाऊक होतं. भोवतीची मुलं आपोआप गप्प झाली आणि तिच्याकडे तोंड करून बसली.